सुपारी, सीझन आणि शेवटची कर्जत

“मुलीच्या मामानं सरळ विचारलं हो, ‘ते वाजवणं झालंच, पण मुलगा करतो काय?’” भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या आणि कढीपत्त्याची फांदी माझ्या हातात द्यायच्या थांबल्या. बातमी पुरती सांगून झाल्याशिवाय कढीपत्ता मिळत नाही, हा आमच्या कुंपणाचा जुना नियम आहे.

मुलगा म्हणजे मागच्या बैठ्या चाळीतला. डोंबिवली पश्चिमेला अशा चाळी आता शोधाव्या लागतात. ही एक पुनर्विकासाच्या कागदांत अडकून राहिली आहे, म्हणून शिल्लक. त्या पोराला अख्खी गल्ली आवाजावरून ओळखते. आधी आईचे पिठाचे डबे, मग तबल्याचा क्लास, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमेपर्यंत, पुढे कॉलेजात ऑक्टोपॅड. आता तो बेंजो पार्टीत असतो, नवरात्रात दांडियाला वाजवतो आणि अधूनमधून जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात काळा शर्ट घालून मागच्या रांगेत दिसतो. स्थळाच्या कागदावर त्याच्या आईनं ‘संगीत क्षेत्रात’ असं लिहिलं होतं. मामाला वाटलं, वाद्यांचं दुकान असेल.

“मग? काय सांगितलं पोरानं?”

“सकाळी भिवंडीला गोदामात असतो म्हणाला. कुरिअरच्या. तेव्हा कुठे मामानं चहाचा कप उचलला.”

काकूंचे यजमान नाना एवढा वेळ पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. पेपर खाली आला. “यात मामाचं काय चुकलं? हिच्या वडिलांनी मलाही हेच विचारलं होतं. मी म्हटलं, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही.”

“ऐकायला तुम्ही सांगितलंत कुठे? दिवाळसणाला आलात ते बोटांना चिकटपट्ट्या लावून. बाबा मला आत नेऊन विचारतात, जावयाच्या हाताला झालंय काय?”

नाना ऑर्केस्ट्रात वाजवायचे हे मला माहीत होतं, पण त्यांना बोलतं करायला एखादं ठरू घातलेलं लग्न लागतं. मी फांदीचा नाद सोडला आणि भिंतीला कोपर टेकवलं.

“आमच्या वेळी, वहिनी, तालाला निदान पाच माणसं लागायची. तबला-ढोलकला एक, कोंगो-बोंगोला एक, ड्रमसेटला एक, लावणी आली की ढोलकीवाला एक, आणि साइड ऱ्हिदमला मी. साइड ऱ्हिदम म्हणजे खंजिरी, खुळखुळे, घुंगरू, रेसो. जे बाकीच्यांना नको ते सगळं माझ्या टेबलावर. पण आर. डी. बर्मनची गाणी लागली की वट आमची. त्यांच्याकडे मारुतराव कीर, अमृतराव काटकर अशी माणसं होती. रेकॉर्डमध्ये तो रेसोचा खर्रखर्र आवाज आहे म्हटल्यावर मांडवातल्या पब्लिकलाही तो पाहिजेच. एकदा रेसो घरी विसरलो तर किसणीवर चमचा घासून गाणं काढलंय.”

“माझी किसणी,” काकू म्हणाल्या.

ठाण्यात गडकरी रंगायतन झालं १९७८ साली. तिथे वाजवलं की घरी सांगायला बरं वाटायचं, पण धंदा खरा गणपतीच्या मांडवातला. ठाणे, मुलुंड, कल्याण, उल्हासनगर, रोज निराळा चौक. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायच्या, खोकी हमालासारखी खांद्यावर घ्यायची आणि ठाण्याहून शेवटची कर्जत गाठायची. ती चुकली तर फलाटावर खोक्याला टेकून पहाट करायची आणि तसंच कारखान्यात जायचं. “भोंगा झाला की मी फाटकात हजर,” नाना म्हणाले. “तिथे बारा वर्षांत एकदाही लेट मार्क नाही. कारण पगार तिथे होता.”

“आणि ऑर्केस्ट्रात?”

“पाकीट. गायकाचं जाड, की-बोर्डवाल्याचं त्याहून पातळ, आमचं सर्वांत शेवटी. कधीकधी पाकीटच नसायचं. पुढच्या सुपारीत घ्या म्हणायचे. पुढच्या सुपारीला मालक दुसराच.”

यावर काकूंनी जो हुंकार दिला त्यात चाळीस वर्षांचा जमाखर्च होता.

मग ऑक्टोपॅड आला. नाना त्याचं नाव घेतात तेव्हा अजूनही आवाज जरा खाली येतो. जपानच्या रोलँड कंपनीनं तो १९८५ साली बाजारात आणला, आपल्या मांडवांपर्यंत यायला आणखी काही वर्षं गेली. आठ रबरी चौकोन, खाली जोडलेलं आवाजाचं यंत्र. एका चौकोनात ढोलक, एकात कोंगो, एकात टाळी, एकात नानांचा खुळखुळा. पाच जणांचं काम एक पोरगा उभ्याउभ्या करू लागला. मालकाची चार पाकिटं वाचली, टेम्पोऐवजी रिक्षा पुरू लागली आणि स्टेजवर जागा झाली म्हणून दोन नाचणाऱ्या मुली वाढल्या.

“वाईट वाजवायचा का तो पोरगा?” मी विचारलं.

“छे! चांगला वाजवायचा. तेच तर.”

मला उरलेल्या चौघांची उत्सुकता. एक कल्याण स्टेशनला रिक्षा चालवायला लागला. एकानं घरी तबल्याचे क्लास घेतले, ते तुफान चालले. ठाणे-डोंबिवलीच्या आयांना मुलाच्या हाताला ताल हवाच असतो. आणि ठाण्याला तबल्यात मान आहेच; थिरकवाँसाहेबांचे शिष्य भाई गायतोंडे ठाण्यातच राहायचे. त्या नावाच्या उजेडात गल्लीतल्या क्लासवाल्यालाही लोक ‘सर’ म्हणायचे. रिक्षावाल्याचा हात क्लासवाल्यापेक्षा तयार होता, असं नाना सांगतात. पण त्याच्याकडे विशारदचं सर्टिफिकेट नव्हतं. ढोलकीवाला गायन पार्टीत गेला. कल्याणात प्रल्हाद शिंदे होते, पुढे आनंद-मिलिंद शिंदे. भीमगीतांच्या, कव्वालीच्या पार्ट्यांना त्या भागात तोटा नव्हता. एप्रिल महिना लागला की तो महिनाभर घरी नसायचा. त्याचं काम यंत्राला लवकर जमलं नाही, म्हणून तो चौघांत सर्वांत जास्त टिकला.

“आणि चौथा?”

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. चाळीच्या नळावर कुणी नव्हतं. “तो ‘हॉटेलात’ होता.”

“हॉटेलात काय करायचा?”

“वहिनी, तुम्ही अगदीच हो.” काकू भिंतीच्या आणखी जवळ आल्या. “बारमध्ये. शिळफाट्याच्या बाजूला कुठेतरी. मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर ‘हॉटेल व्यवसाय’ लिहायचे.”

डान्सबार सरकारनं २००५ साली बंद केले. तेव्हा या माणसाचं आता कसं होणार म्हणून सगळे हळहळले. झालं उलटंच. नाच बंद झाला, पण ऑर्केस्ट्राचा परवाना होता. बारवाल्यांना परवान्यासाठी का होईना, वाजवणारी माणसं ठेवावी लागली. पुढे सुप्रीम कोर्टानं २०१३ साली बंदी उठवली, २०१६ साली राज्यानं नवा कायदा केला, २०१९ साली कोर्टानं त्यातल्या अटी सैल केल्या. कायद्याची अशी ये-जा चालू होती आणि हा आपला रोज संध्याकाळी जाऊन पॅड लावत होता. नानांच्या सगळ्या कंपूत ठरलेल्या तारखेला पगार मिळणारा वाजवणारा तो एकटा. त्याच्या पैशानं बहिणीचं लग्न झालं, कळव्याला खोली झाली, पण लग्नाच्या पत्रिकेवर त्याचं नाव शोधावं लागत होतं.

“मला तर त्याच्यात काही वाईट दिसत नाही,” मी म्हटलं.

“दिसत नाही ना? मग त्याच्या मुलाला तुमची भाची द्याल?” काकूंनी विचारलं, आणि मी घाईघाईनं मागच्या चाळीतल्या पोराकडे विषय वळवला.

त्याच्या पार्टीत बारा-पंधरा जण. पार्टीचं नाव टेम्पोवर. नावाखाली मोबाईल नंबर मालकाचा, आणि मालक बहुधा बेंजो वाजवणारा. हा बेंजो म्हणजे खरा तर बुलबुलतरंग. जपानमध्ये नागोयाच्या एका माणसानं १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा लावून तो पहिल्यांदा बनवला. कुठून कुठे फिरत तो आपल्या कव्वालीवाल्यांच्या मांडीवर आला, त्याला पिकअप लागला, भोंगे लागले, आणि आज आगऱ्यांच्या हळदीपासून गोविंदापर्यंत त्याच्याशिवाय पान हलत नाही. डोंबिवलीच्याच रवी जाधवनं २०१६ साली यावर ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुखला घेऊन. आमच्या पोरानं तो पहिल्याच दिवशी पाहिला. “बेंजोवाल्याला हिरॉइन मिळाली,” तो घरी येऊन म्हणाला, “ताशेवाल्याला काय मिळालं, ते बघा.”

लोक नाचतात ते मात्र या मागच्या रांगेच्या जिवावर. सूर चुकला तर एखाद्यालाच कळतो. कोळी ठेक्यात सहा मात्रांतली एक घसरली, तर नवऱ्याच्या आत्यापासून लहान पोरापर्यंत सगळ्यांचे पाय अडखळतात.

त्याचं वर्ष त्याच्या आईकडून मला पाठ झालंय. तुळशीचं लग्न लागलं की लग्नं सुरू. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये चौदा तारीख, आणि मे महिन्यात एका दिवसात दोन-दोन हळदी. चातुर्मास लागला की लग्नं बंद. आषाढ सगळा उधारीवर. मग गोविंदा आणि गणपती. ठाण्यात २०१२ साली गोविंदांनी नऊ थर लावले तेव्हा जगात नाव झालं, त्या दिवसापासून ठाण्याच्या हंड्यांना मोठ्या पार्ट्या लागतात. पुढे नवरात्र. दिवाळीत फडके रोडला तरुणाई जमते तिथे हौसेची हजेरी. मग परत तुळशीचं लग्न. सीझनमध्ये अंगात ताप असला तरी जायचं, कारण एक सुपारी नाकारली की मालक दुसऱ्याला बोलावतो आणि तो दुसरा मग हलत नाही. एवढं करूनही मधले तीन-चार महिने भिवंडीचं गोदामच घर चालवतं.

“त्यात आता डीजे,” नाना म्हणाले. “ऑक्टोपॅडनं आम्हाला घालवलं. लॅपटॉपनं त्या ऑक्टोपॅडवाल्याला घालवलं. एक माणूस, एक लॅपटॉप, ट्रकभर स्पीकरच्या भिंती. नवऱ्या मुलाच्या मित्रांना छातीत धडधडायला पाहिजे. कोण वाजवतंय याच्याशी त्यांना काय करायचंय?”

मला इथे राहवलं नाही. “अहो नाना, पण आता पुन्हा ढोल-ताशाच आलाय की! आपल्या शोभायात्रेत पाहता ना तुम्ही?”

डोंबिवलीची नववर्ष स्वागतयात्रा गणेश मंदिर संस्थाननं १९९९ साली सुरू केली. नंतर ठाणं, गिरगाव, जिकडेतिकडे यात्रा निघाल्या. पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर उभं राहिलं की एकामागून एक पथकं येतात. भगवे फेटे, कमरेला ढोल, मध्ये झेंडा नाचवणारा. माझी मुलगी त्यातल्या एका पथकात ताशा वाजवते. आषाढात सराव सुरू होतो, ऑफिसातून येते ती घाईनं दोन घास खाऊन पळते, रात्री येते ती बोटांना पट्ट्या लावून. काकूंना पट्ट्या ओळखीच्या.

“तिला काय देतात?” काकूंनी विचारलं.

“देतात कुठले? आपणच वर्गणी भरतो. कुर्ता आपला, फेटा आपला.”

“म्हणजे पैसे भरून वाजवायचं?”

“हौस असते हो. मंडळ पथकाला मानधन देतं, त्यातून ढोलांची पानं, टेम्पो, उरलं तर एखाद्या संस्थेला मदत.”

काकू काही बोलल्या नाहीत. नाना बोलले. “वहिनी, पोरगी चांगली वाजवते, मी ऐकलंय. तिचा हात हलका आहे. पण माझा एक मित्र होता, ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचा. मूळचा मराठवाड्यातला, मातंग घरातला. कल्याणच्या बँडांत खानदेश-मराठवाड्याकडची अशी पुष्कळ माणसं. त्याच्या आजोबाच्या गळ्यात गावानं हलगी अडकवलेली. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, वाजवायचं. आणि जेवायला पंगतीच्या बाहेर. त्यानं सोन्यासारखा हात असून मुलाला काडी धरू दिली नाही. मुलगा आज पोस्टात आहे. आंबेडकरी चळवळीत गावकीची कामं टाकली तेव्हा कितीतरी घरांनी वाद्यंही टाकली, आणि बरं केलं. आता त्याच चामड्यावर आपली पोरं हात मारतात आणि आईबाप मोबाईलवर शूटिंग करतात. करा. वाईट नाही. पण ज्यांचं ते पोट होतं, त्यांचा भाव यानं पडला, हे खरं की नाही? मंडळवाला म्हणतो, पथक एवढ्यात येतं, साठ ढोल घेऊन. तुमचे बारा जण त्याहून जास्त मागतात?”

मला उत्तर सुचलं नाही. पथकांमुळे मुली रस्त्यावर उतरून वाजवायला लागल्या, हे नानांच्या मित्राच्या बँडमध्ये कधी झालं नसतं, असं मी म्हटलं, आणि तेही खरंच आहे. नानांनी ते मान्यही केलं. दोन्ही खरं असलं की भिंतीवरच्या गप्पांची गाडी जरा अडते.

ती पुढे ढकलली कोविडनं. काकूंना आठवलं, २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. फडके रोडवर कुत्रंसुद्धा नव्हतं. पथकातल्या मुलांनी गच्चीत थाळ्या वाजवून व्हिडिओ टाकले. बेंजो पार्टीच्या मालकानं त्याच टेम्पोतून भाजी विकली, आणि आमच्या चाळीतल्या पोरानं पॅड गहाण ठेवलं. दोन गणपती मिरवणुकीविना गेले. गोदाम लागलं ते तेव्हा. माणसांनी ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांनीच त्याला जगवलं, त्यात माझ्याही प्रेशर कुकरचं एक असणार.

“आता पॅड सुटलं?”

“सुटलं की. म्हणून तर स्थळं बघतायत.” काकूंचा लग्नावरचा हात काही निघेना. “आणि ऐका, जमलं. मामा हो म्हणाला. मुलगी कळव्याच्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या रात्रपाळ्या, याच्या रात्रीच्या सुपाऱ्या. ती म्हणाली, दोघंही रात्री बाहेर असलो की भांडायला वेळच नाही मिळणार.”

आवाजाचा विषय मग निघायचाच होता, कारण समोरच्या मोठ्या सोसायटीनं पथकाच्या सरावाविरुद्ध अर्ज केलाय. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ताशाची पहिली काडी पडली की तो आकडा कधीच मागे पडतो. रात्री दहानंतर भोंगे बंद, वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत. हे सगळं अंमलात आणा म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर हायकोर्टात गेले, २०१६ साली निकाल त्यांच्यासारखा लागला. दुसऱ्या बाजूला २०२४ साली हरित लवादानं पुण्याच्या पथकांना तीस वादकांची मर्यादा घातली, ती सुप्रीम कोर्टानं थांबवली. मला विचाराल तर मी बेडेकरांच्या बाजूची, आणि माझी मुलगी ताशा वाजवते. घरात हे जमवून घ्यावं लागतं.

“तिला कानात बोळे घालायला सांगा,” नाना म्हणाले. “हसण्यावारी नेऊ नका. कारखान्यात आम्हाला शिकवलं होतं, ८५ डेसिबलच्या वर आठ तास काम करायचं नाही. फॅक्टरीत मी कान झाकायचो आणि रात्री स्पीकरच्या पुढ्यात उघडे ठेवायचो. आता हिचं अर्धं ऐकू येत नाही.”

“त्याला ड्रमचं कारण नाही,” काकू म्हणाल्या.

मला मुळात भिंतीवर यायचं कारण वेगळंच होतं. आमच्या इमारतीच्या गणपतीच्या समितीत मी आहे. मंडप ठरला, रोषणाई ठरली, महाप्रसादाचा आचारी ठरला. विसर्जनाला वाजवणारे कोण, यावर मात्र सगळे म्हणतात, उरलेल्या पैशात बघू. एका मताचे लोक म्हणतात डीजे नको, दुसरे म्हणतात पथक फुकटात मिळतं का बघा, तुमची मुलगी आहेच. मी नानांना विचारलं, चाळीतल्या पोराची पार्टी परवडेल का?

“उरलेल्या पैशात नाही परवडणार. आधी ठरवा, मग मंडप घ्या.” नानांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि बोटं मोजायला घेतली. “अर्धी रक्कम सुपारी देतानाच, ती चेकनं नको. उरलेली मूर्ती उचलायच्या आधी, विसर्जनानंतर समितीचा माणूस सापडत नाही. बारा जणांचं जेवण, आणि तेही शेवटच्या पंगतीत नाही. पाणी सोबत. पाऊस आला तर थांबायची जागा, पानं भिजली की आवाज जातो. टेम्पोचं परतीचं भाडं वेगळं. आणि रात्री दहाला बंद म्हणजे दहाला बंद. ‘अजून एक होऊ दे’ म्हणणाऱ्याला तुम्ही आवरायचं, त्यांनी नाही.”

“समितीत मांडते,” मी म्हटलं.

“मांडा. आणि वहिनी,” काकूंनी अखेर कढीपत्ता माझ्याकडे सरकवला, “पोराला मार्गशीर्षातली तारीख धरायला सांगा. वैशाखात त्याला स्वतःच्या हळदीलाही सुट्टी मिळायची नाही.”